काकांनी बसवलेलं बेरिंग

माझ्या चुलतसासऱ्यांइतका भित्रा माणूस खालापूरपासून कर्जतपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना काका म्हणत असू. जेवताना ते भातात खडा शोधत आणि निजताना पांघरुणात विंचू. आम्ही बायका विहिरीवर निघालो की "काठावर वाकू नका गं," म्हणत आणि घागरी घरात येईपर्यंत अंगणात ताटकळत उभे राहत. अशा माणसाने भाताच्या गिरणीच्या कमाईतून जुनी मोटार घेतली, याचं सगळ्यांनाच नवल होतं. ती चालवण्यापेक्षा तिचे आवाज ऐकण्यातच त्यांचा वेळ जाई. "पुढचं डावं चाक गुरगुरतंय," असं ते इतक्यांदा म्हणत की सासूबाई एकदा म्हणाल्या, "भावोजी, त्याला भाकरी घाला."

पण चाक खरंच गुरगुरत होतं. लढाईचे दिवस, नवे सुटे भाग मिळत नव्हते. काकांनी मुंबईच्या भंगारबाजारातून एक वापरलेलं बेरिंग फडक्यात गुंडाळून आणलं. कुठल्याच मिस्त्रीवर विश्वास नसल्यामुळे मोटार ओटीसमोर दगडांवर चढवून त्यांनी स्वतःच चाक उतरवलं आणि चाकाच्या मधोमध असलेल्या तुंब्यातलं जुनं बेरिंग ठोकून बाहेर काढलं. आणलेलं बेरिंग रॉकेलने धुऊन ते त्यात ग्रीस भरत होते, तेवढ्यात दिवस भरायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. सुईणीने पोट चाचपलं. मूल आडवं होतं.

"कर्जतला डाक्टरकडं न्या," ती म्हणाली.

"बैलगाडी जुंपा," काका म्हणाले. "माझ्या कामावर माझाच भरवसा नाय."

"बैलगाडी पोचंस्तवर काय उरायचं नाय," सुईण म्हणाली.

काकांनी बेरिंग बसवलं, चाक चढवलं, नट आवळला, किंचित सैल केला, पुन्हा आवळला. चाक फिरवून त्याला कान लावला. नट सुटू नये म्हणून घालायची खीळ त्यांच्याकडून भोकात जाईना, ती शेवटी सासूबाईंनी घातली.

वाटेत ते सारखे थांबत. उतरून तुंब्याला तळहात लावत, परत येऊन म्हणत, "गरम नाय." मी सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होते. एकदा न राहवून म्हणाले, "काका, मलाही विचारा की कसं वाटतंय."

"तुला इचारायची छाती नाय गं, पोरी," ते मागे न बघता म्हणाले. "चाकाला इचारता येतं."

पळसदरीच्या अलीकडे तुंब्याला हात लावून ते मुकाट्याने परत आले.

"गरम झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

"झालंय. आता थांबायचं नाय."

मग कर्जतपर्यंत ते खरंच थांबले नाहीत. डॉक्टरांनी मुलीला सुखरूप बाहेर काढलं, मीही वाचले. ते कळलं तेव्हा काका दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

घरी परतायच्या दिवशी दवाखान्याच्या दारात पेंढा घातलेली बैलगाडी उभी होती. मी विचारलं, "मोटार बिघडली का?"

"नाय. नट जरा जास्त आवळला होता, सैल केला. चाक थंडगार हाय."

"मग?"

"तवा इलाज नव्हता, पोरी. आज हाय."

आम्हाला गाडीत बसवून ते स्वतः चालत निघाले. छत्री त्यांनी वाटभर माझ्या लेकीवर धरली होती. उन्हाने त्यांचं टक्कल लालबुंद झालं होतं, आणि गाडीवानाला ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "सावकाश, रं."