बादल्या कोण धरून बसलंय

चालू मशीनचं फिटरला कधी कौतुक वाटलं नाही. चालू मशीन म्हणजे बडबड्या माणूस, पोटात आहे ते सगळं ओठावर. त्याला ओढ होती ती बंद मशीनची. गप्प बसलेल्याच्या पोटात काय असतं, हे बघायची खोड त्याला लहानपणापासूनच. उंदराचा सापळा लावून ठेवला की तो हलत नाही, बोलत नाही, मग तो फटका राहतो तरी कुठं, हे बघायला त्यानं एकदा सापळ्यात बोट घातलं. बोटाचं नख त्यानंतर कधी सरळ उगवलं नाही. आईनं पाठीत धपाटा घालून वर विचारलं, "कळलं का आता?" हा रडत रडत म्हणाला, "स्प्रिंगमध्ये राहतो."

पुढं तो जनावरांच्या खाद्याच्या कारखान्यात फिटर झाला आणि ही खोड पगारी झाली. घरी मात्र ती फुकटच होती. बायको मिक्सरचं पातं पुसायला लागली की हा उठून भिंतीतला प्लग काढणार आणि हातात धरून बसणार. "अहो, मी काय माझी बोटं वाटून घेणार आहे?" ती म्हणायची. शेजारणीला सांगायची, "आमच्यात मिक्सर धुवायला दोन माणसं लागतात. एक धुवायला, एक राखण बसायला."

कारखान्याची रीत सोपी होती. दुरुस्तीला हात घालण्याआधी मेन स्विच खाली ओढायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, कुलपाला आपल्या नावाची पाटी अडकवायची आणि किल्ली आपल्या खिशात टाकायची. दोघं कामाला असतील तर दोन कुलपं. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं, मग साहेब येऊ दे नाहीतर साहेबाचा साहेब. एवढं सगळेच करत. फिटर त्यापुढं जाऊन, कुलूप लावल्यावरही हिरवं बटण दाबून बघायचा, मशीन खरंच मेलंय का. त्यावरून लोकांनी त्याचं नाव 'वैद्य' पाडलं होतं. मेलेल्याची नाडी बघतो म्हणून.

नाडी बघून झाली की वैद्य मशीनभोवती एक फेरी मारायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "आता ह्यात कोण जागं आहे?" वीज गेली तरी नळीत दाबलेली हवा जागी असते. ती फुस्स करून सोडायची. वर उचलून धरलेलं झाकण जागं असतं, त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा द्यायचा. वाफ, स्प्रिंग, टांगलेलं वजन, एकेकाला शोधून झोपवायचं. ह्या शोधात त्याला अशी काही गंमत वाटायची की जेवणाची घंटा झालेली कळायची नाही.

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, त्याच पाळीत फिटर होता. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. ही फेरी बघितली की त्याच्या डोक्यात जायचं.

"दाजी, वीज तोडली, कुलूप लावलं, बटण दाबून बघितलं. आता काय पोस्टमॉर्टम करताय?"

"तू बस की घटकाभर. पोट आहेच टेकवायला."

अशी त्यांची जोडी.

त्या दिवशी दुपारी एलेव्हेटर बंद पडला. ही काही माणसं चढवायची लिफ्ट नव्हे. चार मजली इमारतीएवढा पत्र्याचा उभा खांब, त्याच्या आत रबराचा रुंद पट्टा, आणि पट्ट्याला ओळीनं ठोकलेल्या लोखंडी बादल्या. खालच्या खड्ड्यातला मका भरून घेत बादल्या एका बाजूनं वर चढतात, माथ्यावर ओततात आणि दुसऱ्या बाजूनं रिकाम्या उतरतात. माथ्यावर मोटर आणि गिअरबॉक्स. तो गिअरबॉक्स बरेच दिवस कण्हत होता. नवा येऊन स्टोअरमध्ये पडलाच होता, तो बसवायचं ठरलं.

दोघांनी स्विच ओढला, दोन कुलपं घातली. वैद्यानं बटण दाबलं, काही हललं नाही. दोघं शिडीनं माथ्यावर गेले. वैद्यानं तिथंही फेरी मारली. हवा नव्हती, वाफ नव्हती, सगळं दगडासारखं निश्चल. जागं कुणी सापडलं नाही, म्हणून कुणी नसेल असं त्यानं धरलं. मेहुणा पाना घेऊन बोल्टना भिडला आणि वैद्य जुना गिअरबॉक्स उतरवायला लागणारी साखळी आणायला खाली आला.

खाली खड्ड्यापाशी त्याचे पाय अडखळले. खड्डा मक्यानं काठोकाठ भरला होता.

हे कसं? एलेव्हेटर बंद करायचा तर आधी खड्ड्यात मका सोडणारी सरकती फळी बंद करतात, आतला माल वर जाऊ देतात आणि मग बटण दाबतात. त्यानं पॅनलवरच्या ऑपरेटर बाईंना विचारलं.

"बाई, बंद कसा केलात?"

"मी कशाला करतेय? चालता चालता आपला आपण बंद पडला. मी फळी बंद करेपर्यंत खड्डा भरला."

वैद्यानं खांबाला आत बघायला ठेवलेली झडप उघडली आणि टॉर्च आत धरला. चढत्या बाजूच्या बादल्या मक्यानं शिगोशीग. उतरत्या बाजूच्या ठणठणीत रिकाम्या. टॉर्च वर फिरवला तरी तेच, नजर पोचेल तिथपर्यंत एका अंगाला भरलेली रांग आणि दुसऱ्या अंगाला रिकामी.

तो बघतच राहिला. त्याला आधी भीती वाटलीच नाही, नवल वाटलं. तराजूच्या एका पारड्यात खांबभर मका आणि दुसऱ्यात काही नाही, तरी काटा सरळ? हा पट्टा तर केव्हाच उलटा धावत खाली यायला हवा. मोटरला वीज नाही. मग बादल्या कोण धरून बसलंय?

मग उत्तर आलं. गिअरबॉक्स. त्याच्या आत एक अडसर असतो, चाक पुढं जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. सगळा भार त्या एका अडसरावर होता, आणि मेहुणा वर बसून तोच गिअरबॉक्स सोडवत होता. शेवटचा बोल्ट निघाला की अख्खा गिअरबॉक्स गरकन फिरणार, आणि मेहुण्याचे हात त्यातच.

त्यानं हाक मारली. शेजारच्या चक्क्यांच्या घरघरीत ती कुठल्या कुठं गेली. उंचावर फोन न्यायचा नाही असा नियम, मेहुण्याचा फोन कपाटात. वैद्यानं हातोडी उचलली आणि खांबावर ठणाठण ठोकली. वरून ठण ठण असं उत्तर आलं. कारखान्यात नळी तुंबली की सगळे असंच ठोकतात, त्यामुळे मेहुण्याला वाटलं, दाजी खाली मका मोकळा करतायत. त्यानं हौसेनं साथ दिली आणि पुन्हा पाना लावला.

वैद्यानं हातोडी टाकली आणि शिडी धरली. माथ्यावर पोचला तेव्हा छातीचा भाता झाला होता. मेहुणा पालथा पडून चाक आणि चौकटीच्या फटीतून कोपरापर्यंत हात घालून मागचा बोल्ट चाचपत होता. बाकीचे सगळे शेजारी ओळीनं मांडून ठेवलेले.

"हात काढ."

"दाजी, हा एकच राहिलाय. साला गंजलाय, नाहीतर..."

"आधी हात काढ. मग शिव्या दे."

आवाजात काहीतरी होतं. मेहुण्यानं हात बाहेर घेतला, पण तोंड सोडलंच.

"कुलूप माझं आहे ना खाली? किल्ली ही बघा माझ्या खिशात. आता कुणाची भीती?"

"कुलूप विजेला. मक्याला कुठं कुलूप घातलंस?" वैद्य खाली बसला. "भरल्या बादल्या आहेत एका बाजूला, खालपासून वरपर्यंत. कोण धरून बसलंय त्यांना, सांग."

मेहुण्यानं मान वळवली. पट्ट्याकडं बघितलं, चाकाकडं, मग गिअरबॉक्सकडं. शेवटी ओळीनं मांडलेल्या बोल्टांकडं. त्यानं एकेक उचलून परत लावला आणि आवळला. हात पुसायच्या फडक्यानं तोंड पुसलं, ते काळं झालं, तरी वैद्य हसला नाही.

मग त्यांनी चढत्या बाजूचा पट्टा दोन जाड फळ्यांच्या मध्ये धरून बोल्टनं करकचून आवळला, आणि फळ्यांना साखळ्या बांधून त्या वरच्या लोखंडी तुळईला अडकवल्या. एवढं झाल्यावर लांब दांड्याचा पाना घेऊन, अंग बाजूला ठेवून, पुन्हा बोल्ट सोडले. शेवटचा ढिला झाला आणि पट्टा वीतभर खाली घसरला. साखळ्या एकदम ताठ झाल्या. तुळई करकरली. मग सगळं पुन्हा गप्प.

मेहुण्यानं बोटानं साखळी टिचकली. तारेसारखी वाजली.

"केवढं वजन असेल हो?"

"तू आणि मी मिळून दहा वेळा."

"माझ्या पोटासकट?"

"तुझं पोट धरून पाच वेळा."

जुना गिअरबॉक्स उतरला. खाली येऊन नवा वर चढवायला दोरी बांधताना मेहुणा थांबला. घोड्यावर बसल्यासारखा त्या नव्या गिअरबॉक्सवर बसून विचार करत राहिला.

"दाजी, हा बसवल्यावर आपण साखळ्या सोडणार. मग सगळं वजन ह्याच्या अडसरावर येणार ना? आणि बनवणाऱ्याकडूनच हा अडसर उलटा बसून आला असेल तर?"

वैद्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तो मेहुण्याकडं बघत राहिला, मघाशी बादल्यांकडं बघितलं होतं तसाच.

"ऊठ बघू त्याच्यावरून," तो म्हणाला.

दोघांनी गिअरबॉक्सच्या बाहेर आलेल्या फिरत्या दांड्याला पाना लावला. एका बाजूला ढकलला तर तो लोण्यासारखा फिरला. दुसऱ्या बाजूला दोघांनी मिळून जोर लावला. मेहुण्याच्या कपाळाची शीर फुगली, वैद्याचा पाय सरकला, दांडा हूं की चूं करेना.

"कुठल्या बाजूला अडला?" मेहुण्यानं धापा टाकत विचारलं.

"बादल्या खाली येतील त्या बाजूला."

"नक्की?"

वैद्यानं हातानं हवेत चाक काढलं, बादल्या चढवल्या, उतरवल्या. मेहुण्यानं त्याच्यासमोर उभं राहून तेच केलं, तर ते उलटं आलं. मग तो दाजींच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून हात फिरवायला लागले.