नव्व्याण्णव ताप

आज ह्यांच्या खांद्याला निलगिरीचं तेल चोळताना वीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. वळ गावातल्या एका गोदामात कारकून म्हणून माझा पहिला दिवस होता. घरकामाच्या यादीतल्या सगळ्या कामांवर खुणा करून, डबा भरून मी निघाले, आणि हे शिंकले. त्या महिन्यात कंबर, दाढ आणि पोट दुखून झालं होतं. आता सर्दीची पाळी होती. थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव.

"अगं, नको जाऊस. गरगरतंय मला," हे पांघरुणातून कण्हले.

"अहो, आज नाही गेले तर दुसरीला घेतील."

"घेऊ देत. नवरा मोठा की गोदाम?"

मी साडी बदलली, पाण्यात निलगिरी घालून वाफ दिली. दुपारी हे मरणासन्न गृहस्थ बोंबलाच्या कालवणाबरोबर चार भाकऱ्या खाऊन धामणकर नाक्यावर मित्रांकडे गेले. गोदामवाल्यांनी दुसरीला घेतलं.

ह्यांच्याकडून मला तेव्हाही फारशी अपेक्षा नव्हती. किळस येते ती माझीच. संध्याकाळी शेजारणीने विचारलं तेव्हा मी हसून म्हणाले होते, "माझ्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही." आणि ते सांगताना मला खरोखर अभिमान वाटला होता.