सोजरबाईला शेळी पाहिजे होती

शिरूरच्या बाजारपेठेतल्या काचेचं दार असलेल्या टीव्हीच्या दुकानात सोजरबाईनं सीडी प्लेअर मागितला, तर काउंटरवरचा माणूस हसला. नुसता हसून थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं आतल्या माणसाला हाक मारून तीच मागणी पुन्हा ऐकवली आणि मग दोघं मिळून हसले.

"आजी, सीडी आता कोण बघतं?"

"मी बघते," सोजरबाई म्हणाली. "हाय का न्हाई तेवढं सांग. दात मागनं दाखव."

नव्हता. भिंतभर टीव्ही लावलेले, पण प्लेअर म्हणून औषधालाही नाही. सोजरबाईनं पिशवी काखेत घट्ट धरली आणि पायऱ्या उतरली. पिशवीत नवऱ्याच्या जुन्या पटक्यात गुंडाळलेल्या तीन सीड्या होत्या, आणि जत्रेला अकरा दिवस राहिले होते.

आता ही सोजरबाई कोण ते सांगायला हवं. न्हावऱ्याच्या अलीकडं माळावर धनगरांची वस्ती आहे, तिथली ही. साठीला टेकलेली. जन्म मेंढरांच्या तळावरचा. दिवाळी सरली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि घाट उतरून कोकणात जायचं, हे तिनं लग्नाआधी बापाबरोबर केलं आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर. पुढं विहिरीला पाणी लागलं, कांदा आला, ऊस आला, मेंढरं विकली, घोडंही विकलं. शाळेची पायरी ती कधी चढली नाही, पण शंभर मेंढरांत आपलं कुठलं खोकलं हे तिला पाठमोरं बसून कळायचं.

नवरा हौसराव ओव्या गायचा. बिरोबाच्या जत्रेत ढोलावर पहिली टिपरी पडायच्या आधी देवाचं आणि पूर्वजांचं नाव घेऊन जे गाणं मांडतात, त्याला सुंबरान म्हणतात. वस्तीत ते मांडायचा मान हौसरावाच्या घराचा. तीन वर्षांपूर्वी हौसराव गेला, आणि नंतरच्या दोन जत्रा सुंबरानाशिवायच पार पडल्या. यंदा जत्रेचं ठरवायला माणसं देवळाच्या ओट्यावर बसली, तेव्हा चुलतदीर मल्हार सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनी, तुमच्या घरातला गळा संपला. आता सुंबरान आमच्या घरानं मांडायचं."

सोजरबाईचा पोरगा माऊली तिथंच बसला होता. रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करणारा, गुणाचा पोरगा, पण गाण्याच्या नावानं बोंब. त्यानं मान खाली घातली. मागं बायकांत बसलेली सोजरबाई उठली.

"गळा संपला न्हाई. मी मांडते."

ओट्यावर कुणीतरी फसकन हसलं. बाईनं सुंबरान मांडल्याचं त्या वस्तीत कुणी ऐकलं नव्हतं. मांडू नये असंही कुणी ऐकलं नव्हतं, कारण तसं विचारायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती. मल्हारला भांडण नको होतं, गंमत हवी होती. "मांडा की," तो म्हणाला. "पण पुरं मांडायचं. पिढ्यांची नावं, तळांची नावं, समदं. एक नाव सुटलं तर मान आमचा."

सोजरबाईनं चाळीस वर्षं ती ओवी चुलीपाशी बसून ऐकली होती. देवाचा सगळा भाग तिला तोंडपाठ होता. पण पिढ्यांची नावं सुरू व्हायची नेमकी त्याच वेळी पंगतीची घाई असायची, तवा तापलेला असायचा, कुणीतरी भाकरी मागत असायचं. तो एवढाच तुकडा तिच्या कानावरून निसटला होता. मल्हारला तो येत होता, पण तो थोडाच सांगणार होता.

राहता राहिल्या त्या जत्रेत हौसराव गाताना काढलेल्या तीन सीड्या. पहिली लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकानं केलेली, दुसरी शिरूरच्या स्टुडिओवाल्याची. दोघांनीही गाणं मधेच तोडून पोरांचा नाच दाखवला होता. तिसरी माऊलीच्या कंपनीतल्या दोस्ताची. तो हिंदी बोलणारा माणूस कारेगावात भाड्यानं राहायचा. त्याला ओवीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच की काय, त्यानं सगळं सुंबरान कुठंही न तोडता धरलं आणि कॉम्प्युटरवरून सीडीवर उतरवून दिलं. त्यानंतर घरातला प्लेअर जळाला, आणि हौसरावाचा आवाज पटक्यात गुंडाळून पेटीत गेला.

"आये, पेनड्राइव्हवर घेऊ की," माऊली म्हणाला होता. "शिरूरला देतो एकाकडं."

"चौथी दिली व्हती तशी?"

चौथी सीडी माऊलीनंच एका मोबाइलवाल्याकडं दिली होती. पंधरा दिवसांनी आणायला गेला तर दुकानाच्या जागी वडापावची गाडी. कंपनीतले लॅपटॉपही त्यानं चाचपून पाहिले, पण सीडी घालायची सोय एकातही नव्हती. तेव्हा सोजरबाईनं ठरवलं की सीड्या डोळ्याआड करायच्या नाहीत. प्लेअर घ्यायचा, तो परवडणारा घ्यायचा, आणि आपण जाऊन पारखून घ्यायचा.

शिरूरच्या दुसऱ्या दुकानात प्लेअर निघाला. मोठ्या कंपनीचा, काळा कुळकुळीत, आणि किंमत ऐकून तोंड वासावं असा. दुकानदार खोक्यावर बोट ठेवून गॅरंटी सांगायला लागला.

"गॅरंटी ऱ्हाऊ दे बाजूला. लावून दाखव."

"मावशी, सील तुटतंय."

"मेंढरू घेताना आम्ही दात बघतो, चालवून बघतो, पुढ्यात चारा टाकून बघतो. खोक्यावरचं चित्र बघून मेंढरू घेतलेलं ऐकलंय का कवा?"

मागची दोन गिऱ्हाइकं हसली, पण या वेळी दुकानदाराला. त्यानं कुरकुरत शोकेसमधला प्लेअर काढून लावला. पहिली सीडी अडखळत चालली, दुसरी त्याहून अडखळत. तिसरी आत गेली, घरघरली आणि बाहेर आली. तीनदा घातली, तीनदा बाहेर आली.

"ही मेलीया मावशी. टाकून द्या."

"तुला कुणी इचारलं?" म्हणत सोजरबाईनं सीडी हिसकावून घेतली.

तोंडानं म्हणाली खरी, पण एसटीत बसल्यावर तिनं पिशवीत हात घालून ती सीडी पुन्हा चाचपली. खरंच मेली असली तर? मान गेला, मल्हारचं हसू जन्मभर मानगुटीवर बसलं, आणि हौसरावाचा आवाज गेला तो गेलाच. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं आणि त्याचाच राग आला. न्हावरं आलं तरी ती उतरली नाही. दौंडला स्टेशनजवळ बाळासो म्हणून एक जण जुने टीव्ही दुरुस्त करतो, असं तिनं बाजारात ऐकलं होतं. तिनं कंडक्टरकडून पुढचं तिकीट घेतलं, चौफुल्याला उतरून दौंडची गाडी धरली.

बाळासोचं दुकान म्हणजे सामानाचा ढीग आणि मधे स्टुलावर चष्मेवाला माणूस. तो हसला नाही. "कसला पायजे?" त्यानं विचारलं.

"शेळी पायजे," सोजरबाई म्हणाली.

बाळासोनं चष्म्यावरून पाहिलं.

"दादा, मेंढी बघितली का चरताना? मान खाली घालती, मनासारखं गवत असंल तर खाती, न्हाईतर पुढं जाती. शेळीचं तसं न्हाई. ती दोन पायांवर हुभी ऱ्हाती आन् बाभळ बी खाती. माझ्या सीड्या तीन तऱ्हेच्या हायती. मोठ्या घरची मेंढी नको मला. समदं खाईल अशी शेळी द्या."

बाळासोनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तीस वर्षांत गिऱ्हाइकानं इतकं नेमकं कधी सांगितलं नव्हतं, असं तो म्हणाला. मग त्यानं तिसरी सीडी मागून घेतली. शिरूरच्या माणसानं जे केलं नव्हतं ते त्यानं पहिल्यांदा केलं. सीडी उलटी करून पाहिली.

"हे काय लावलंय, आजी?"

"खूण हाय. काव. मला अक्षर कुठं येतंय? पहिलीला एक ठिपका, दुसरीला दोन, हिला तीन."

मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून पाठीवर तेलात कालवलेल्या तांबड्या मातीचा, कावेचा, ठिपका देतात. सोजरबाईनं तेच केलं होतं. एका बाजूला लिहिलेलं म्हणजे ते सीडीचं तोंड, आणि चकचकीत बाजू म्हणजे पाठ, असा तिचा सरळ हिशेब.

"ही पाठ न्हाई," बाळासो हळू आवाजात म्हणाला. "हेच तोंड हाय. मशीन हितनं वाचतंय. तुम्ही तोंडाला काव फासली."

सोजरबाईला इतकी लाज वाटली की तिनं पदर ओठावर धरला. हौसरावाचा आवाज पेटीत जपून ठेवला म्हणते, आणि आपल्याच हातानं त्याचं तोंड लिंपून ठेवलं. थोड्या वेळानं तिनं पदर खोचला. "पाणी कुठाय?"

बाळासोनं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं दिलं. गोल फिरवायचं नाही, मधून कडेकडं पुसायचं, एवढं सांगून तो बाजूला झाला. तिन्ही सीड्या तिनं स्वतः धुतल्या. मग तिनं फर्मावलं, "आता चारा टाका."

बाळासोनं तीन प्लेअर मांडले. पहिला मोठ्या नावाचा. तिसरी सीडी धुतली तरी त्यानं घेतली नाही, पडद्यावर इंग्रजी काहीतरी लिहून मोकळा झाला. "ही कॉम्प्युटरची फाइल हाय," बाळासो म्हणाला. "ही खानदानी मशीनं असलं खात न्हाईत." दुसऱ्यानं चित्र दाखवलं, आवाज गिळला. तिसरा म्हणजे पत्र्याचं एक बेंगरूळ खोकं, वर ज्या कंपनीचं नाव ते बाळासोलाही धड वाचता येईना. त्यानं पहिली खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसरी आत गेली, घरघर झाली, आणि हौसराव पडद्यावर उभा राहिला. कानावर हात ठेवून त्यानं आवाज लावला.

सोजरबाईनं डोळे पुसले, मग ते खोकं उचलून वजन बघितलं, ट्रे दहा वेळा आत-बाहेर करायला लावला, आणि वर कान टेकून आतली धाप ऐकली.

"टिकंल का?"

"लेन्स जाती कधी ना कधी. पण याची लेन्स माझ्याकडं हाय. त्या मोठ्याची आता कुठंच मिळत न्हाई."

एका करडाच्या किमतीत शेळी घरी आली. जोडायला सोजरबाईनं माऊलीची वाट पाहिली नाही. पिवळी पिन पिवळ्यात, लाल लालात, पांढरी पांढऱ्यात, रंग कळायला शाळा लागत नाही. माऊली पहिल्या शिफ्टला गेला की ती टीव्हीपुढं बसायची. हौसराव एक ओळ म्हणायचा, ती बटण दाबून त्याला थांबवायची आणि तीच ओळ म्हणायची. जन्मात पहिल्यांदा तिच्या सांगण्यानं तो थांबत होता.

निसटलेला तुकडा एकदाचा सापडला. येसूचा धुळा, धुळाचा बिरा, बिराचा खंडू, खंडूचा हौसा. मग तळांची नावं. तिसऱ्या दिवशी तिला सगळं पाठ झालं. चौथ्या दिवशी म्हणता म्हणता ती अडली, आणि अडली ती विसरली म्हणून नव्हे.

"आन् म्हाळसा कुठाय?" तिनं टीव्हीला विचारलं.

म्हाळसा तिची सासू, हौसरावाची आई. घाटात बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी पोर पाटीत घालून कळपामागं चालायला लागली. त्या घाटाचं नाव ओवीत होतं. तिचं नव्हतं. सोजरबाईचा असा संताप झाला की तिनं हौसरावाला तिथंच थांबवून ठेवला, उघड्या तोंडानिशी. "तुला त्या घाटात कुणी जन्म दिला रं? ढोलानं?"

जत्रेला पाच दिवस होते. ती वस्तीतल्या म्हाताऱ्यांची दारं फिरली. धुळाची बायको अनसा, हे एकीला ठाऊक होतं. बिराची ताईबाई, ही सगळ्यांनी पाहिलेली. येसूची कोण, ते मात्र कुणालाच सांगता आलं नाही.

जत्रेच्या सकाळी ढोल देवळापुढं आले, भंडारा उधळला गेला, आणि डोईवर पदर घेऊन सोजरबाई पुढं झाली. माऊली समोर मोबाइल धरून उभा होता. बाळासोकडं नेऊन याची सीडी करून आणायची, असा त्याला हुकूम होता. पोरं खिदळत होती. तिनं कानावर हात ठेवला आणि आवाज लावला. आवाज जाडा होता, पण लांब जाणारा, मेंढरांना हाका घालून कमावलेला. देवाचा भाग झाला तेव्हा कुणी खिदळत नव्हतं. मग नावं आली.

येसू, आणि त्याची बायको, जिचं नाव आपण घालवलं. त्यांचा धुळा. धुळा आणि अनसाचा बिरा. बिरा आणि ताईबाईचा खंडू. खंडू आणि म्हाळसाचा हौसा. तिनं घाट घेतला, तळ घेतले, सगळं घेतलं, आणि शेवटी हौसा आणि सोजराचा माऊली म्हणून ती थांबली.

मल्हार ताडकन उठला. "ह्या बायांची नावं ओवीत न्हाईत."

"नव्हती," सोजरबाई म्हणाली. "आता हायती. एक नाव सुटलं तर मान तुमचा, असं तुम्हीच म्हणला व्हता, भावजी. माझं कुठलं सुटलं ते सांगा. का ताईबाईचं काढून टाकू?"

ताईबाई मल्हारची आजी. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला मांडीवर वाढवलं होतं. मल्हार खाली बसला. सोजरबाईनं ढोलवाल्याकडं पाहून मान हलवली, आणि ढोलावर पहिली टिपरी पडली.