कुंपणावरची पिवळी चिंधी

"कॅलिबर नंतर. आधी अंतर सांग."

बंदुकीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका हेच ऐकवायचे. मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन उत्तराची वाट बघायचे. टूवूंबासारख्या परदेशी गावात बंदुका विकणारा मराठी माणूस भेटेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते साताऱ्याकडचे. शेतीचं शिकायला इथल्या युनिव्हर्सिटीत आले आणि इथलेच झाले. मी पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, घरात अंडंसुद्धा न आणणारा.

असा माणूस बंदुकीच्या दुकानात कशाला गेला, असं तुम्ही विचाराल. गावाबाहेर पाच एकर घेतले होते आणि सशांनी माझी मेथी मुळासकट फस्त केली होती. जाळी लावली, तर तिच्याखालून बिळं केली. इथे ससा म्हणजे उपद्रव. जमीन तुमची, तर तो तुम्हीच आवरायचा. शेवटी रीतसर लायसन्स काढलं आणि काउंटरपाशी उभा राहिलो.

"वन सेव्हन सेव्हनची एअरगन द्या, काका. सगळ्यात लहान छर्रा. सशाला कमी लागेल."

तुम्हाला हसू आलं असेल. काकांना आलं नाही.

"अरे, कमी लागणं म्हणजेच जास्त हाल. हा छर्रा सरळ जातो, नेम सोपा, पण हलका. डबे पाडायला ठीक. सशाला ट्वेंटी टू घे. छर्रा जड, जनावर जागच्या जागी संपतं. आणि अंतर?"

"असेल चाळीस पावलं."

"असेल म्हणजे? मोजलंस का?"

मी खोटीच मान डोलावली आणि लहान छर्ऱ्याचीच बंदूक घेतली. डोक्यात आमच्या घरचा हिशेब पक्का होता: छर्रा लहान, तर पापही लहान. "मग डबेच पाड हं, मेट," काका म्हणाले.

पुढच्याच शनिवारी दुपारी मी मागच्या पायरीवरून ससा मारला. म्हणजे मारला नाही, नुसता जखमी केला. ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. तान्ह्या मुलासारखा ओरडतो. खिडकीत माझी मुलगी उभी होती. "बाबा, इट्स क्राइंग! मेक इट स्टॉप!" तो मागचे पाय ओढत पाण्याच्या टाकीखाली गेला. पुन्हा नेम धरायची माझी हिंमत होईना. मी काकांना फोन केला.

सुट्टीचा दिवस असूनही ते अर्ध्या तासात आपली बंदूक घेऊन आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. टाकीपाशी ते पोटावर आडवे झाले, तेव्हा मला त्यांचा हात दिसला. तो थरथरत होता. दहा पावलांवरूनही सहज जमलं असतं, असं मला वाटलं, पण ते कोपरांवर सरकत पुढे गेले, नळी सशाला जवळजवळ टेकेपर्यंत.

बारीकसा आवाज झाला. ओरडणं थांबलं.

"हात गेलाय माझा," ते उठताना म्हणाले. "आता माझं अंतर एवढंच. खड्डा तू काढ."

चहा झाल्यावर त्यांनी मला स्वतःची ट्वेंटी टू दिली, कुंपणाच्या खांबावर बाटलीचं झाकण ठोकलं आणि मला पायरीवर बसवलं. चाळीस पावलांवर दहातले तीन लागले. मग ते झाकण अलीकडच्या खांबांवर आणत गेले. तीस पावलांवर सहा. वीसवर दहाच्या दहा. त्या वीस पावलांवरच्या खांबाला त्यांनी बंदूक पुसायच्या पिवळ्या फडक्याची चिंधी बांधली.

"याच्या अलीकडचा ससा तुझा. पलीकडचा नाही. मेथी गेली तरी नाही."

आठवड्याने मी बंदूक बदलून घेतली.

त्या हिवाळ्यात काकांनी नोकरी सोडली. कुणी म्हणायच्या आतच लायसन्स परत केलं आणि दूर ट्रुगानिनाला मुलीकडे राहायला गेले. हाताचा आजार हळूहळू जिभेपर्यंत पोचला. मी दर रविवारी फोन करायचो. बोलायचो मीच.

"काका, आज परत ससा आला होता."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू यायचा. मग कसंबसं, "अंतर?"

"पंचवीस असेल."

"अ... असेल?"

"मोजलं, काका. पंचवीसच. नाही मारला."

"हं," म्हणायचे. तेवढ्यासाठी मी पूर्ण आठवडा वाट बघायचो, हे आता कळतं.

गेल्या महिन्यात फोन त्यांच्या मुलीने उचलला. काका पहाटे गेले, म्हणाली. झोपेतच गेले. हाल झाले नाहीत, हे तिने दोनदा सांगितलं.

संध्याकाळी मी पायरीवर जाऊन बसलो. चिंधी उन्हाने पांढरी पडली आहे. ससा आला आणि तिच्या जेमतेम एक पाऊल पलीकडे बसून माझी मेथी खाऊ लागला. मी बंदूक उचललीही नाही. तो पोटभर खाऊन जाईपर्यंत तिथेच रडत बसलो.