माझ्या नावाचा पांढरा घोडा

दादा माझ्याहून धाकटा, पण मुलगा म्हणून घरात सगळ्यांचा दादाच. त्याला त्याच्या घरातल्या जुन्या वस्तू टाकवत नाहीत, म्हणून तो त्या आमच्याकडे आणून टाकतो. आधी सोफा आला, मग पाणी गळणारा कूलर आला, आणि गेल्या दिवाळीनंतर टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आला. हौसेने घेतला होता, आठवड्याभरात कंटाळला. बाबांना विरंगुळा होईल म्हणत त्याने वायरी जोडून दिल्या आणि चहासुद्धा न घेता तळोज्याला परत गेला. बाबांचं उजवं अंग अर्धांगवायूने गेलेलं. दोन्ही हातांनी खेळायचा खेळ त्यांनी कसा खेळायचा, हे मात्र तो सांगून गेला नाही.

मग मीच खेळायला लागले. मी शाळेत शिकवते, शाळा सकाळची. दुपारी नवीन पनवेलच्या या फ्लॅटवर येते, बाबांना भरवते, त्यांची कूस बदलते, चादर बदलते, आणि मग दिवेलागणीपर्यंत आम्ही बापलेक एका खोलीत एकमेकांना सहन करतो. टीव्ही त्यांच्याच खोलीत होता. मी खुर्चीत आणि ते पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

खेळ जुन्या अमेरिकेतला. उघडा माळ, धूळ, बंदुका, आणि टोपी घातलेला एक दाढीवाला दरोडेखोर. तो दरोडेखोर म्हणजे खेळणारा. लुटालूट करा, मासे पकडा, काहीही करा, पण घोडा चांगला नसेल तर त्या देशात तुम्हाला कुणी विचारत नाही. सुरुवातीला मिळतं ते एक मरतुकडं तट्टू. चढ आला की धापा टाकायला लागायचं.

टापांच्या आवाजाने बाबांनी मान वळवली. बराच वेळ बघत राहिले आणि मग विचारलं, तो दाढीवाला कोण. मी म्हटलं, मी. ते हसले. तोंड वाकडं झाल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तेही माझ्यावर.

बाबांचा घोडा होता, हे सांगायला हवं. आमचं गाव पनवेल-उरणच्या मधलं. जमिनी नव्या शहराच्या घशात गेल्या त्याआधी आमच्याकडे भात होतं, थोडं मिठागर होतं आणि शर्यतीचा एक घोडा होता. ओहोटी लागली की समुद्राच्या ओल्या वाळूवर घोडागाड्यांची शर्यत लागायची. गाडी पळायची बाबांची, पण लाऊडस्पीकरवर नाव पुकारलं जायचं मुलाचं. अशीच रीत होती. गाडी घरच्या पोराच्या नावाने लागायची. दादा शेंबूड पुसत माझ्या शेजारी उभा असायचा आणि सगळी किनारपट्टी त्याचं नाव ऐकायची. मी थोरली, पण माझं नाव त्या भोंग्यातून कधी आलं नाही. आणि शर्यतीच्या जनावराला बाईमाणसाने हात लावायचा नाही, ही दुसरी रीत. एका शर्यतीच्या सकाळी मी त्याच्या नाकाला हात लावला. गरम, मऊ नाक होतं. त्या दिवशी गाडी दुसरी आली आणि बाबांनी चाबकाच्या दांड्याने माझी पोटरी फोडली. पुढे घोडा गेला, जमीन गेली, आई गेली. पण माझ्या हातामुळे गाडी हरली, हे बाबा पाहुण्यांना अजूनही सांगतात. पाणी मी पाजते, तेव्हाही सांगतात.

तर अशा माणसासमोर मी घोडा निवडायला बसले.

खेळात गावोगावी तबेले आहेत. घोडे बघायचे, फिरवून बघायचे, घ्यायचे. बाबांनी एकेक नापास करायला सुरुवात केली. हा पुढच्या पायात कच्चा. त्याची मान आखूड. ही घोडी दिसायला बरी, पण पाठ वाकलेली. एक अबलख मला फार आवडला होता, त्याला म्हणाले, हा लग्नाच्या वरातीला चालेल, नवरदेव आला नाही तरी घोडा तरी दिसेल. माझं लग्न मोडलं त्याला बरीच वर्षं झाली, तरी बाबांना ते नेमकं कुठे टोचायचं हे ठाऊक आहे.

मग म्हणाले, भोवरा दाखव. घोड्याच्या अंगावरच्या केसांचे भोवरे बघितल्याशिवाय आमच्याकडे कुणी जनावर दारात आणत नाही. कपाळावरचा चांगला, अमुक जागेवरचा धन्याला खाणारा. मी पडद्यावरचा घोडा गोल गोल फिरवून दाखवला. भोवरा कुठेच नव्हता. खेळ करणाऱ्यांना भोवरा माहीत नसणार. बाबा म्हणाले, मग दात दाखव. मी म्हटलं, याचं तोंड उघडता येत नाही.

"भोवरा नाय, दात नाय, आनि घ्यायला निघालीस. बायांना जनावरातलं काय कळतंय गो?"

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हासुद्धा असंच काहीसं ऐकलं होतं, फक्त जनावराच्या जागी दुसरं काहीतरी होतं. पण या वेळी मला चीड आली, आणि ती गेली नाही. ठरवलं, या खेळातला सगळ्यात चांगला घोडा मिळवायचा, आणि या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं की मी जनावर ओळखलं.

शाळेतल्या नववीच्या मुलांना विचारलं तर त्यांनी एका सुरात सांगितलं. सगळ्यात चांगला घोडा तबेल्यात नाहीच. तो पार वर बर्फात, गोठलेल्या तळ्याकाठी मोकळा फिरतो. पांढरा आहे. फुकट आहे, पण हाती लागत नाही. बाईंना याची माहिती कशाला हवी, असे चेहरे करून ती पोरं माझ्याकडे बघत राहिली.

मी त्या तट्टावर बसून डोंगर चढले. वाटेत लांडग्यांनी तट्टू फाडलं. बाबा म्हणाले, सुटलं बिचारं. मी पायी पुढे गेले. तळ्याकाठी तो दिसला, आणि खरं सांगते, बर्फावर पांढरा घोडा दिसतच नाही, आधी फक्त त्याचा श्वास दिसतो. बाबांचं कण्हणं थांबलं होतं.

पहिल्या दिवशी तो पळाला. दुसऱ्या दिवशीही पळाला. बाबा पलंगावरून ओरडत होते, दोर टाक, अंगावर जा, हाण. त्यांचं ऐकून दोर टाकला की तो उधळायचा आणि दरीत दिसेनासा व्हायचा. मग मी त्यांचं ऐकणं सोडून दिलं. हळू जायचं, त्याने कान टवकारले की थांबायचं, एक बटण दाबलं की दाढीवाला त्याला चुचकारतो, ते करत राहायचं. माझ्या लक्षात आलं, की मी खेळता खेळता तोंडानेही बोलते आहे. हळू, हळू, झालं, झालंच आता. बाबांची कूस बदलताना बोलते तेच. फरक एवढाच की घोड्याशी बोलताना ते खरं होतं.

एका दुपारी त्याने मला मानेला हात लावू दिला. मी वर चढले. त्याने उड्या मारल्या, मी धरून राहिले, आणि तो शांत झाला. मी त्याला डोंगरावरून खाली आणला, माळावर मोकळा सोडला, आणि तो असा पळाला की खिडकीबाहेरच्या रिक्षांचे भोंगेसुद्धा मला ऐकू येईनात.

बाबांनी डाव्या हाताने चादर घट्ट धरली होती. मग म्हणाले, "घोडा चांगला हाय. त्याला दादाचं नाव लाव."

घोडा चांगला, हे त्यांना कबूल. तो कुणी आणला, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तबेल्यात गेलं की घोड्याचं नाव लिहिता येतं. मी माझं लिहिलं. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी विचारलं, लावलंस का. मी म्हटलं, लावलं, माझं. त्यांना पेज भरवत होते त्या वेळी. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि चेहरा जांभळा झाला. मी वाटी खाली ठेवली, हात पुसले, आणि मग त्यांची पाठ थोपटली.

त्यानंतर थोडे दिवस खरोखर बरे गेले. बाबा दुपारची वाट बघायला लागले. मी चप्पल काढते न काढते तोच आतून हाक यायची, घोडा लाव. तो पांढरा घोडा पळायला लागला की त्यांचा मेलेला पायसुद्धा हलतोय असं वाटायचं. पण मला हवं होतं ते वाक्य काही येईना. मी दोनदा विषय काढला. ते म्हणाले, दादा येऊ दे, त्याला दाखवू.

दादा रविवारी येणार होता. तो येणार म्हटलं की मी पैशांच्या कपाटाला कुलूप लावते. त्या सकाळी मी खेळही जपून ठेवला. त्यात अशी सोय आहे, की त्या घटकेला जे आहे ते तसंच्या तसं राखून ठेवता येतं आणि पुढे काही बिघडलं तर तिथूनच पुन्हा सुरू करता येतं. दादाला हे माहीत नव्हतं, कारण तेवढा वेळ त्याने त्या डब्याला दिलाच नव्हता. बाबांना माहीत असायचा प्रश्नच नव्हता.

दादा मिठाईचा पुडा घेऊन आला आणि पलंगाच्या कडेला बसला. बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, घोडा त्याच्या हातात दे.

मी खेळाचा रिमोट दादाला दिला. दादाने कसला विचार केला नाही, टाच मारत सुटला. घोड्याचा दम संपत आल्याची खूण पडद्यावर लाल होत होती. बाबा ओरडत होते, हाण, हाण त्याला. किती वर्षांनी त्यांचा तो शर्यतीचा आवाज निघाला होता. पुढे कडा होता. मला दिसला, दादाला दिसला नाही, आणि बाबांना तर फक्त दादा दिसत होता.

घोडा खडकावर आपटला. मेला नाही लगेच. मान उचलून ओरडत राहिला. दाढीवाल्याच्या पिशवीत औषध होतं, मीच भरून ठेवलेलं. वेळेवर दिलं तर घोडा उठतो.

"आता काय करायचं गं ताई?" दादाने विचारलं.

मी म्हटलं, आता काही होत नाही. आम्ही तिघं बघत राहिलो. थोड्या वेळाने मान खाली पडली. दादा हसला, सॉरी म्हणाला, पेढा तोंडात टाकला. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला ऐकू येईल अशा बेताने बोलले.

"बाईच्या नावाचं जनावर. दुसरं काय होनार?"

दादा गेल्यावर बाबा जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि खांदा हलत होता. ते रडत होते हे मला कळलं. माझ्या आईला नेलं तेव्हा ते रडले नव्हते. मी वाटी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना एका माणसाला सोबत घेऊन आले आणि टीव्ही माझ्या खोलीत हलवून घेतला. बाबांनी विचारलं, का. मी म्हटलं, घोडाच नाही तर तुम्ही काय बघणार. त्यांना भरवलं, कूस बदलली, चादर बदलली. कशात कसूर केली नाही. मग माझ्या खोलीत जाऊन रविवारच्या सकाळपासून खेळ पुन्हा सुरू केला. तो तबेल्यात उभा होता, धडधाकट, माझं नाव घेऊन.

मी त्याला माळावर सोडला. भिंतीपलीकडे पलंग करकरला. मग हाक आली, आणि ती पहिल्यांदाच दरडावून मारलेली नव्हती. बाय, तो पांढराच हाय ना, आवाज त्याचाच हाय. एकदा दाखव.

मी उठून त्यांच्या दारात गेले. मान आणि डावा हात, जे हलतं तेवढं सगळं त्यांनी दाराकडे वळवलं होतं. शहरात राहायला आल्यापासून मी घरात शुद्ध बोलते, पण त्या वेळी गावचीच बोली तोंडात आली.

"तट्टू हाय," मी म्हटलं. "तुमाला जनावरातलं काय कळतंय, बाबा?"

मी खोलीत परत आले, दार लावून घेतलं, आणि आवाज थोडा वाढवला.