दाराशी दिसलेल्या चपला

तेलंगणातल्या तामसीच्या शाळेत एखाद्या पोराचा बाप चपला बाहेर काढून वर्गात आला, की भागीरथाबाई भडकतात. "चपला घाला आधी. हे काय देऊळ हाय? का मी पाटलीण हाओ?" तो बिचारा ओशाळतो, मागे फिरतो, पुन्हा चपलांत पाय सरकवतो, आणि मग कुठे बाई त्याच्या पोराबद्दल बोलायला लागतात. शाळेतले तेलुगू मास्तर याला हसतात. गाव म्हणतं, "चंपतची पोरगी हाय, दुसरं काय होईन?" गावाला जे ठाऊक आहे ते खरंच आहे, फक्त अर्धं आहे. उरलेलं अर्धं बाईंनी कुणाला सांगितलेलं नाही.

चंपत म्हणजे त्यांचा बाप. तरुणपणी तो पाटलाकडे सालदार होता. पाटलाच्या ओसरीपासून बरंच अलीकडे एक बाभळ होती. तिच्याखाली चपला काढायच्या आणि काट्याकुट्यातून पुढे जायचं, अशी रीत. पुढे गावातल्या त्यांच्या समाजानं बौद्ध धम्म घेतला. घरोघरचे देव टोपल्यांत भरून बैलगाडीनं पैनगंगेवर नेले आणि पाण्यात सोडून दिले. त्या दिवशी चंपतनं ठरवलं, की आता विहार सोडून कुठेही चपला काढायच्या नाहीत. आदिलाबादच्या बाजारातून त्यानं टायरच्या तळाची जाडजूड चप्पल शिवून आणली आणि ती घालून थेट ओसरीपुढे जाऊन उभा राहिला. पाटलानं कामावरून काढलं. चंपत गावभर हसत घरी आला. नंतर तहसील कचेरीत त्याला अटेंडरची नोकरी लागली, तिथेही तेच. तहसीलदार येवो, महसूल खात्याचा गिरदावर येवो, गड्याच्या पायातली चप्पल काही निघायची नाही. हा झोपतोसुद्धा चपला घालूनच, अशी थट्टा लोक करत, आणि त्याला ती थट्टा मनापासून आवडे.

त्याची बायको बयनाबाई. तिच्या अंगात यायचं. धम्म घेण्याआधी आखाड लागला की मरीआई तिच्या अंगात येई, आणि दाराशी बायांची गर्दी होई. कुणाला मूल हवं, कुणाचा बैल हरवलेला. खुद्द पाटलीणबाई डोक्यावरून पदर घेऊन तिच्या पाया पडे. वर्षभर जी पाटलाच्या गोठ्यातलं शेण काढायची, ती तेवढ्या वेळापुरती साऱ्या गावाहून मोठी असायची. देव नदीत गेले तसं हेही गेलं पाहिजे, असं चंपतचं म्हणणं. ते चूक होतं असं कोण म्हणेल? पण त्या एका दिवसात नवऱ्याला चपला मिळाल्या आणि बायकोचं काय गेलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

देवी नदीत गेली. आखाड मात्र दर साली येतच राहिला. ढग भरून आले की बयनाबाईचे हात ताठ व्हायला लागत, मान हलायला लागे. चंपत घाईघाईनं दार लावून घेई आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा करी. बयनाबाई स्वतःच पदराचा बोळा तोंडात कोंबून घेई, नवऱ्याची लाज राखायची म्हणून. लहानगी भागीरथा उंबऱ्यावर बसून राही. एकदा सगळं शांत झाल्यावर तिनं आईला पाणी दिलं आणि भीत भीत विचारलं,

"माय, देवी तं पाण्यात सोडली ना? मंग हे काय येते तुह्या अंगात?"

घामानं भिजलेली बयनाबाई पाणी पिऊन म्हणाली, "देवी गेली व माय. पण अंग तं माहंच हाय ना."

हे वाक्य पोरीच्या मनात रुतून बसलं. आदिलाबादच्या कॉलेजात बी.ए. करताना मानसशास्त्राचा पेपर समोर आला, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की असल्या प्रश्नांचं एक अख्खं शास्त्र आहे. शिकवायला माणिकराव सर होते. तिनं धीर करून त्यांना आईचं सांगितलं. सर ना हसले, ना त्यांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, "हैदराबादला एम.ए. कर. लेखी परीक्षा होते, मग मुलाखत. मुलाखतीत पाठ केलेलं बोलू नकोस. हा विषय तुला का पाहिजे, एवढंच ते विचारतात. जे मला सांगितलंस, तेच त्यांना सांग."

अर्ज गेला. लेखी परीक्षेत ती पास झाली. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा चंपत ते पत्र घेऊन कचेरीभर फिरला. भागीरथेनं सरांच्या मदतीनं आईबद्दलची इंग्रजी वाक्यं तयार केली आणि म्हशीला चारा घालताना, भांडी घासताना ती घोकली. निघायच्या दिवशी बयनाबाई भाकरी बांधून देत होती. नवरा अंगणात आहे असं बघून ती हळूच म्हणाली,

"तिथं विचारलं तं माहं सांगजो. मले काई लाज नाई. अन् त्यायले पुसून ये, हे काय येते म्हणा. इतकी वर्सं झाली, मले तं कोणी सांगून नाई राह्यलं."

बसमध्ये बापानं नेमकं उलटं सांगितलं. निर्मळ गाव मागे पडलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भागे, तिथं लय मोठे लोक असतीन. घरचं जुनं कायबी काढू नको. धम्म घेतला अन् घरात आजूनबी देवी येते, असं आयकलं तं हसतीन. तुले नाई, समद्या समाजाले हसतीन." भागीरथेनं मान हलवली. मनात तिला भीती नव्हती. मुलाखत इंग्रजीत होणार होती, आणि बापाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. आईचं सांगायचं, बापाला कळू द्यायचं नाही. दोघांचंही राखता येईल, असा तिचा साधा हिशेब होता.

विद्यापीठातली ती खोली लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होती. दाराला हिरवा पडदा, जमिनीपासून चांगला वीतभर वर. दाराला लागूनच बाक. बाप त्या बाकावर बसला आणि भागीरथा आत गेली. समोर तिघे होते. मधल्या बाई वयस्कर, पांढऱ्या केसांच्या, आवाजानं मऊ. पहिले एकदोन प्रश्न नीट गेले. मग बाईंनी विचारलं, मानसशास्त्रच का?

याच प्रश्नासाठी तर ती आली होती. तिनं तोंड उघडलं आणि घोकलेली सगळी वाक्यं गायब झाली. "माय मदर" एवढं म्हणून ती अडखळली. पुन्हा म्हणाली, पुन्हा अडखळली. डोळे भरून आले. बाईंना तिची दया आली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि अगदी घरच्यासारखं म्हटलं, "आराम से, बेटा. हिंदी में बोलो. माँ की क्या बात है? घर में, गाँव में कुछ देखा है?"

त्या माउलीनं भल्यासाठीच केलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. हिंदी बापाला कळत होती. आदिलाबादच्या मारवाड्यांशी, कचेरीतल्या साहेबांशी तो जन्मभर हिंदीच बोलत आला होता. भागीरथेनं दाराकडे पाहिलं. पडद्याखाली बापाच्या चपलांची टोकं दिसत होती. टायरचा जाड तळ, उजवीच्या अंगठ्याला मोच्यानं घातलेला लाल दोऱ्याचा टाका. बाप कान देऊन बसलाय, असं तिला वाटलं. ज्या चपलांसाठी त्यानं पाटलाची भाकर सोडली, त्या चपला घालून तो या मोठ्या लोकांच्या दाराशी ताठ बसलाय. आणि आपण आत त्याचं नाक कापणार?

"माँ की कोई बात नहीं, मॅडम," ती म्हणाली. "हमारे घर में ऐसा कुछ नहीं होता. हम लोग बौद्ध हैं." पुढे तिनं गाइडातलं उत्तर म्हणून दाखवलं. मानवी मनाचा अभ्यास समाजाला उपयोगी असतो, वगैरे. बाईंनी चष्मा परत घातला आणि "ठीक है, बेटा" म्हणाल्या.

ती बाहेर आली तेव्हा बाप चपला घालून दाराशीच उभा होता. त्याचं तोंड ओलं होतं, डोळे लाल. ऐकून भरून आलं असेल त्याला, असं तिला वाटलं. काय विचारलं, हे त्यानं विचारलं नाही, म्हणजे सगळं ऐकलंच असणार. तिनंही काही सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर भाकरीचं गाठोडं तसंच राहिलं.

घरी बयनाबाई वाट बघत होती. नवऱ्याची पाठ वळताच तिनं विचारलं, "सांगितलं माहं?"

"विचारलंच नाई, माय," भागीरथा म्हणाली.

बयनाबाईचा चेहरा कसा झाला, ते भागीरथाबाईंना आजही नीट आठवतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "नसन विचारलं," आणि चुलीकडे वळली.

निवड झाली नाही. माणिकराव सर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा बस. ती बसली नाही. पुन्हा कुणी तोच प्रश्न विचारील आणि आपण पुन्हा आईला नाही म्हणू, याची तिला धास्ती बसली होती. तिनं बी.एड. केलं, मास्तरीण झाली, लग्न झालं, पोरंबाळं झाली. आखाडात माहेरी गेली की दाराआडून रेडिओचा मोठा आवाज यायचा आणि ती उंबऱ्यावर बसायची. आई शुद्धीवर आली की कधीमधी विचारायची, "तू तं इतकी शिकली. आता तरी सांग, काय असते हे?" भागीरथाबाई पदरानं तिचा घाम पुसायच्या. जिथे उत्तर मिळालं असतं, तिथून त्या स्वतःच्या तोंडानं परत आल्या होत्या. तसंच विचारत विचारत बयनाबाई एका हिवाळ्यात साध्या तापानं गेली.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या आखाडात भागीरथाबाई बापाजवळ अंगणात बसल्या होत्या. चंपत आता थकला होता. आभाळ भरून आलं होतं. घरात रेडिओ बंद होता, आणि त्या शांततेनं त्यांच्या आत इतक्या वर्षांचं साठलेलं उसळून आलं.

"बा, तुमच्यापायी मी मायले नाई म्हटलं," त्या एकदम म्हणाल्या. "तिनं सांग म्हणून धाडलं होतं. पण तुमी दारात बसले होते. तुमच्या चपला दिसून राह्यल्या होत्या पडद्याखाली. तुमी आयकान म्हणून मी सांगितलं, की आमच्या घरी असं काई होतच नाई. माही माय मी तिथंच पुसून टाकली."

चंपतनं मान खाली घातली. म्हणाला, "मी नोतो तिथं, भागे."

"नोते कसे? चपला मी माह्या डोयानं पाह्यल्या."

"चपला होत्या. मी नोतो." म्हाताऱ्यानं गुडघ्यावर हात दाबून धरले. "तू आत गेली अन् मले भेव सुटलं. मनात आलं, सायेब लोक हाय, एखाद्यानं भायेर येऊन पाह्यलं, हा गडी चपला घालून बसला म्हणून तो सायेब बिघडला, तं माह्या पोरीचा नंबर जाईन. कोणी म्हटलं नाई काढ म्हणून. मीच काढल्या. पाटलाच्या दारी मी उपाशी राह्यलो पण काढल्या नाई, अन् तिथं काढल्या. मंग मले तसं उघड्या पायानं तिथं बसवेना. खाली नळावर गेलो. तोंडावर पाणी मारून मारून रडलो. तू भायेर याच्या आधी वर येऊन घालून घेतल्या. तुले सांगाची लाज वाटली."

भागीरथाबाईंना त्या दिवशीचं बापाचं ओलं तोंड आठवलं. बाकावर कुणीच नव्हतं. पडद्याआड ऐकायला कुणीच नव्हतं. हिंदीत काय, आईच्या बोलीत सगळं सांगितलं असतं तरी चाललं असतं. बापानं पोरीसाठी चपला काढल्या होत्या आणि पोरीनं त्या रिकाम्या चपलांसाठी आईला नाकारलं होतं. त्या मोठ्यानं रडल्या. आई गेली तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

चंपतनं हात त्यांच्या पाठीवर ठेवला. "मंग तुह्या मायनं विचारलं, तवा तू काय सांगितलं तिले?"

"विचारलंच नाई म्हटलं."

"मलेबी विचारलं होतं तिनं," म्हातारा म्हणाला. "त्याच दिवशी, रातच्याला. पोरीनं माहं सांगितलं का, म्हणून. मी म्हटलं, सांगितलं. मी दारातच बसून आयकलं, लय चांगलं सांगितलं."