‘नको’ म्हणणारा माणूस

माझ्या धाकट्या दिराइतका हट्टी माणूस अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही, आणि त्याच्याइतका पुढचं बघणाराही नाही. टॉवेलचा कारखाना त्याने एकट्याने उभा केला. मी तिथं काठ शिवते. सूत, रंग, मशीन, काहीही घ्यायचं तर हा आधी विकणाऱ्याचा देश विचारतो. “वैनी, मानसाचं वळण मालात उतरतंय,” असं त्याचं म्हणणं. एका देशाची शिलाई मशिनं त्याने नुसती पाहिलीही नाहीत. का, तर तिथली माणसं उभ्याने जेवतात! “त्यांचं मशीन एका जागी किती दिवस टिकंल?” रंग विकायला आलेल्या एका परदेशी बाईने मात्र भाव करताना कपाळावर हात मारला, तर हा खूश. “आपल्यासारखीच हाय की!” हा जे विचारेल त्याला ती हो म्हणाली. रंग पहिल्याच धुण्यात गेला.

मागच्या वर्षी जुने माग पार खिळखिळे झाले. नवे घ्यायला त्याने वैरागची वडिलार्जित जमीन विकली. माग चुकीचे निघाले असते तर आम्ही अकरा बायका घरी बसलो असतो. जर्मनीहून एक माग विकणारा आला, बरोबर दुभाषी. व्यवहाराआधी याने त्यांना जेवायला बसवलं. आपल्यात पाहुणा आधी नको म्हणतो, मग पुरे म्हणतो, आणि तिसऱ्यांदा वाढलेलं मुकाट्याने खातो. हा गोरा भाकरी आणि शेंगाची चटणी चवीने जेवला, मग ‘नको’ म्हणाला आणि ताटावर हात धरला. तीनदा आग्रह झाला, तीनदा नको. चौथ्यांदा तो ताट उचलून स्वतःच मोरीत ठेवून आला.

दीर तणतणत आत आला. “अन्न झिडकारलं त्यानं. न्हाय घ्यायचे ह्याचे माग!”

“भावजी, डोकं कुटं ठेवलंय?” मी म्हटलं. “पोट भरलं म्हनून नको म्हनला. उद्या मागात खोट निघाली तर खोट हाय म्हनंल. तुमच्या रंगवालीगत हो हो करनार न्हाय.”

तो बाहेर गेला. “दिवाळीआधी माग येतील?”

दुभाष्याने विचारून सांगितलं, “नाही म्हणतात. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी.”

“मग ह्येच घ्यायचे!”

माग सांगितल्या दिवशी आले आणि झकास चालतात. आता आसपासचे कारखानदार मशीन घेताना याचा सल्ला घेतात. अक्कल आपलीच होती असं हा सांगतो. सांगू दे. बापाची जमीन विकून बायकांचं काम राखणारा दुसरा मी पाहिला नाही.

परवा मी विचारलं, “भावजी, जमिनीची आठवण येते का?”

वाटलं, हसण्यावारी नेईल.

“व्हय वैनी. लई,” म्हणाला, आणि मागांकडे निघून गेला.